मुख्तार सरांचा समुद्र

घाण वास आला की मुख्तार सरांचा चेहरा खुलायचा. गटाराचा नाही, तेवढं वेडं माणूस नव्हतं ते. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाला जो काळा गाळ असतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो, तो. दुसरा माणूस नाकाला रुमाल लावतो. सर खिशातून चमचा काढायचे.

चमचा खरोखर खिशात असायचा. शर्टाच्या वरच्या खिशात, जिथे बाकीचे मास्तर पेन लावतात तिथे स्टीलचा चहाचा चमचा. गाळ दिसला की चमचाभर घ्यायचा, डबीत भरायचा, डबीवर चिठ्ठी लावायची. सरांच्या बायको, आमच्या भाभी, म्हणायच्या, "इस घर में मेहमान आए तो चम्मच बाजू से मांगना पडता है."

मी विहिरीवाला. रनाळ्याचा. चौथी पास. नापास एकदाही नाही, चौथीनंतर शाळेत गेलो नाही एवढंच. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या, उपसल्या, गाळ काढला, आणि माझ्या हाताखालचा एकही माणूस विहिरीत मेला नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच ठिकाणी 'मला कळलं नाही' असं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा बिनडोक आहे. बिनडोक नाही. सरांचं सांगणंच तसं होतं. ते गेले तरी अजून माझ्या डोक्यात त्याचा गुंता सुटलेला नाही.

सर नंदुरबारला एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्या शाळेच्या आवारातली विहीर साफ करायचं काम मला मिळालं, तिथे आमची गाठ पडली. विहीर दोन वर्षं फळ्या टाकून बंद होती. बंद विहिरीत उतरायच्या आधी आम्ही पेटता कंदील दोराने खाली सोडतो. कंदील विझला तर खाली हवा नाही. मग लिंबाची मोठी फांदी दोराला बांधून वरखाली करायची, बादल्या ओतायच्या, हवा घुसळायची आणि पुन्हा कंदील सोडायचा. तो तळापर्यंत टिकला तरच माणूस उतरवायचा. आता लोक मोबाईलचा उजेड घेऊन उतरतात. मोबाईल हवा नसली तरी पेटतो, हे त्यांना कोण सांगणार.

तर त्या दिवशी कंदील विझला. वर्गाच्या खिडकीतून सरांनी ते पाहिलं आणि वर्ग तसाच सोडून पळत आले. हाताला खडू, पायात एकच चप्पल.

"नाना, कितला हातवर विझना?"

वर्गात सर पुस्तकातली मराठी बोलायचे, घरात भाभींशी उर्दू, आणि माझ्याशी पहिल्या दिवसापासून अहिराणी.

मी म्हणालो, "नऊ."

"परत सोडा."

"सर, विझना म्हंजे विझना. त्याले परत काय इचारानं?"

"सोडा हो. दोनदा देखं तर खरं."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं होतं. दोनदा देखं तर खरं. भाजीवाल्याने वजन केलं तरी म्हणायचे, डॉक्टरने नाडी धरली तरी म्हणायचे. मी कंदील परत पेटवून सोडला. परत नऊ हातांवर विझला. सरांना एवढा आनंद झाला की मला वाटलं यांची बदली रद्द झाली असावी.

हवा घुसळून, कंदील टिकवून, दुपारी मी खाली उतरलो. पहिली पाटी गाळ वर गेली तेव्हा सर काठावरच होते. मी वर आलो तर चमचा नाकाशी धरून उभे, जसं कोणी अत्तर घेतं तसं.

"नाना, हाऊ वास कितला जुना शे, सांगा."

"दोन वरीसना. विहीर बंद करी त्याले दोन वरीस व्हयनात."

हसले. "जगमा एक बी जनावर नव्हतं ना, तव्हयपासूनना शे."

मी म्हणालो, "नाकच नव्हतं तर वास कसाना?"

सरांनी मग खिशातून वही काढली आणि माझं बोलणं लिहून घेतलं. आयुष्यात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. पोलिसांनी एकदा घेतलं होतं, पण ते वेगळं.

मग मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. खाली भावाचं कल्हईचं दुकान, वर सर. भावाचा भाता दिवसभर फुसफुसायचा आणि नवसागराचा धूर जिन्यातून वर यायचा. वर खिडकीत ओळीने काचेच्या बरण्या. प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या विहिरीचा गाळ, वर पाणी, झाकण घट्ट. उन्हात महिनोन्‌महिने ठेवलेल्या. त्यांना आपोआप रंग चढायचे. वर हिरवा, मध्ये जांभळट, खाली काळा कुट्ट. मी पहिल्यांदा हात पुढे केला तर भाभी ओरडल्या, "भाईसाब, वो अचार नहीं है!" ईदला आलेल्या एका पाहुण्याने म्हणे बिर्याणीबरोबर घ्यायला झाकण उघडलं होतं. तो पाहुणा परत आला नाही. सरांना दुःख पाहुण्याचं नव्हतं, बरणीत हवा शिरली याचं होतं.

सर म्हणायचे, ही बरणी म्हणजे जुना समुद्र. मी जसं ऐकलं तसं सांगतो, चुकलं तर माझं. फार फार जुन्या काळी समुद्रात हवा नव्हती. म्हणजे पाण्यात विरघळलेली, माशाला लागते ती. समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं आणि कुठे कुठे हा सडक्या अंड्याचा वायू. मग हिरव्या बुळबुळीत शेवाळानं उन्हात हवा करायला सुरुवात केली. पण ती हवा कोणाला मिळेना, कारण सगळी लोखंडानं खाल्ली. लोखंड गंजलं आणि तळाशी जाऊन बसलं. सर खिडकीतून खाली वाकून भावाला ओरडायचे, "सलीम, तुन्हा बठ्ठा गंज समुद्रनी आधीच करी ठेवेल शे!" सलीमभाई भाता न थांबवता म्हणायचे, "मंग समुद्रले सांग, कल्हई पन करी दे."

इथपर्यंत मला समजलं. गंज मला माहीत आहे. विहिरीची लोखंडी कडी गंजतात, रहाट गंजतो.

पुढे मात्र सर म्हणाले, जे जीव आधीपासून होते, डोळ्यालाही न दिसणारे, त्यांच्यासाठी ही हवा विष होती. हवा आली आणि ते मेले, नाहीतर गाळात लपले. तेच या बरणीच्या तळाशी आहेत.

माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मी हवा आहे का ते बघून माणूस खाली सोडला. आणि हा माणूस मला सांगतो, हवा विष.

"सर, विष कोनतं? नऊ हात खालेनं का वरनं?"

"दोन्ही. कोना करता, त्यावर शे."

मी त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठलो. रस्त्याने येताना श्वास घेतानाही विचार येत होता.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. मराठीत, लहान, नववीच्या मुलांना कळेल असं. हवा, समुद्र आणि जनावरं कशी आली. आणि त्याच सुमारास त्यांना काचबिंदू निघाला. एक डोळा जवळजवळ गेलाच होता. दुसऱ्याने नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने हळू होईल, थांबणार नाही. सरांचा हट्ट एकच. छापायला जाण्याआधीचं प्रत्येक पान आपल्या डोळ्याने तपासायचं. "एक शून्य इकडनं तिकडे व्हयनं ना नाना, तर मन्हा जनावरं समुद्रना आधी जनमले येतीन." म्हणजे डोळा जायच्या आत पुस्तक संपायला हवं. एवढीच शर्यत होती, आणि मी त्या शर्यतीत सरांच्या पायात आलो. ते पुढे सांगतो.

दर रविवारी सर एसटीने रनाळ्याला यायचे, पिशवीत पानं घेऊन. आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. वाचून झालं की विचारायचे, "समजनं का?" मी हो म्हणालो की लगेच, "मंग तुमना शब्दमा सांगा." मला सांगता आलं तर ते पान पास. नाही आलं तर सर पानावर काट मारून घरी न्यायचे.

मी एकदा विचारलं, "सर, तुमना कॉलेजवाला दोस्त शेत. त्यास्ले दाखाडा ना."

"ते वा वा करतस नाना. न वाचता वा वा करतस. तुम्ही एकटाच नही म्हनतस."

खरं होतं ते. नाही म्हणायला मला कधी जड गेलं नाही. विहिरीच्या कामात कळलं नसताना कळलं म्हणणारा माणूस दुसऱ्याचा जीव घेतो. म्हणून मी मान हलवायचो नाही. आमची मालकीण आतून म्हणायची, "हो म्हना ना एकदाव, तो बिचारा एसटीनी उभा राही येस." मी नाही म्हणायचो ते नाहीच.

आणि मी नुसताच नाही म्हणत नव्हतो, हेही लिहून ठेवतो. सरांनी लिहिलं होतं की कमी हवेत बारीक, चपटे, संथ जीव राहू शकतात, पण दुसऱ्याच्या मागे पळून त्याला खाणारा जीव असेल तर हवा जास्त लागते. हे मला लगेच पटलं. खराब हवेच्या विहिरीत गप्प उभा माणूस बराच वेळ टिकतो. पाटी उचलायला लागला की पाचव्या पाटीला धाप लागून तोंड उघडतो. मी ते सांगितलं. सरांनी ते जसंच्या तसं पुस्तकात घातलं, माझं नाव घालून. 'सुपडू नाना यांचा अनुभव' असं. मी ते पान तीनदा वाचायला लावलं. समजलं होतं, तरी.

सारंगखेड्याची गोष्ट याच्यानंतरची. यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तिथे. सर म्हणाले, चला. मला वाटलं म्हातारपणी हौस आली. तिथे लोक घोड्याची चाल बघतात, भोवरे बघतात, दात बघतात. सर नाकपुड्या बघत होते. एक काळा घोडा दौडवून आणला होता, घामाने भिजलेला. सर त्याच्या तोंडाशी उभे राहून त्याचे श्वास मोजायला लागले. नळीतून बघायची सवय, त्यामुळे इतके जवळ की घोड्याचा फेस चष्म्यावर. व्यापाऱ्याला वाटलं मोठं गिऱ्हाईक आहे. तो घोड्याचं खानदान सांगू लागला. सर आपले, "एकोनचाळीस, चाळीस…" शेवटी व्यापारी वैतागला.

"चाचा, घोडा लेवाना शे का त्याना श्वास लेवाना शे?"

सर म्हणाले, "भाऊ, इतली हवा नसती तर तुन्हा घोडा आज बी गांडूळ ऱ्हाता."

व्यापाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग सर मला तापीच्या काठाला घेऊन गेले. पाणी ओसरलेल्या जागी चिखल होता, वरून तांबूस, आत काळा. सरांनी चमच्याने वडीसारखा तुकडा कापला. त्यात किड्यांची बिळं होती, सुईएवढी. आणि नवल हे की बाकीचा चिखल काळा, पण प्रत्येक बिळाच्या भोवती गंजाच्या रंगाचं कडं. सर म्हणाले, किडा वरखाली करतो, त्याच्याबरोबर हवा खाली जाते, म्हणून तेवढाच चिखल गंजतो. मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून बसलो. यात्रेत सगळे घोडे बघत होते आणि आम्ही दोन म्हातारे चिखल.

पुढच्या रविवारी सर शेवटचं प्रकरण घेऊन आले. पाच प्रकरणं पास झाली होती. हे सहावं झालं की पुस्तक छापायला. त्यात सरांनी सरळ लिहिलं होतं, आधी समुद्रात हवा वाढली, खालपर्यंत गेली, मग मोठी जनावरं आली. वाचून झालं. "समजनं का?"

मी म्हणालो, "नही."

"काय नही समजनं? सोपं तर शे."

"सर, त्या दिवशी तुम्हीच दाखाडं. किडानी हवा खाले नेयी. आते म्हनतस, हवा खाले गई, मंग किडा उना. दोन्हीमाईन खरं कोनतं?"

सरांनी चष्मा काढला. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मी म्हणालो, ज्या विहिरीवर रोज पोहरा पडतो, पाणी ओढलं जातं, तिची हवा कधी बिघडत नाही. बंद केली की बिघडते. म्हणजे वापरणारा आहे म्हणून विहीर चांगली, का विहीर चांगली म्हणून वापरणारा आहे? माझ्या विहिरीत तर दोन्ही एकदमच असतं. तुमच्या समुद्रात कोण आधी आलं?

मी हे मोठेपणा मिरवायला बोललो नव्हतो. थोडा मोठेपणा होता, नाकारत नाही.

सरांनी पानं पिशवीत कोंबली. चहा आला होता, त्याला हात लावला नाही. "एसटी शे," म्हणाले आणि गेले. एसटीला अजून तास होता. मी ओट्यावरून बघत होतो, थांब्यावर उन्हात उभे होते. मी त्यांना सावलीत बोलवायला गेलो नाही. माझं काय चुकलं होतं?

तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते मुलीच्या स्कूटीवर मागे बसून. नसरीन तिचं नाव, तीही शाळेत शिकवते. सरांना आता एकट्याने एसटीत चढता येत नव्हतं. ओट्याची पायरी त्यांनी पायाने चाचपली तेव्हा मला ते कळलं. सर म्हणाले, "नाना, मी बठ्ठं परत वाचं. मोठमोठा शास्त्रज्ञ बी यावरच भांडी ऱ्हायनात. कोनी म्हनस हवा आधी, कोनी म्हनस समुद्र ढवळनारा जीव आधी. मी प्रकरण फाडी टाकं."

आनंद व्हायला हवा होता. चौथी पास माणसाने बरोबर जागी बोट ठेवलं. पण नसरीन माझ्याकडे अशी बघत होती की मला पाणी पिऊन यावं लागलं. ती मला एकट्याला गाठून म्हणाली, "काका, अब्बूंची नजर दिवाळीपर्यंतच टिकेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते प्रकरण पुन्हा लिहितायत. रोज मोठ्या भिंगाने एक एक ओळ. तुम्ही एवढं खोलात कशाला गेलात?"

विहिरीवाला खोलात जाणार नाही तर काय करणार. पण मी ते बोललो नाही. मला अजून ठरवता येत नाही की मी त्यांचं पुस्तक चांगलं केलं की त्यांचा उरलासुरला उजेड त्यात घालवला.

सहावं प्रकरण त्यांनी किती वेळा लिहिलं, मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी नसरीन घेऊन यायची, नाहीतर मी नंदुरबारला जायचो. मी ऐकायचो. कधी पहिला अर्धा कळायचा, दुसरा नाही. कधी दुसरा कळायचा आणि त्याने पहिला खोटा पडायचा. मी खरं ते सांगायचो. सर हसून म्हणायचे, "बरं, परत." अक्षर मोठं होत गेलं. शेवटी एका पानावर चार ओळी मावायच्या.

शेवटच्या वेळी गेलो ती दुपार होती. मिरचीचा हंगाम होता, गावाबाहेर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून ठसका आणणारा खाट येत होता आणि सगळा नंदुरबार शिंकत होता. सर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. छापखान्यात पाच प्रकरणं आधीच जुळवून झाली होती, सहावं आज दिलं तर सर त्याचीही जुळणी आपल्या डोळ्याने अजून थोडीफार बघू शकतील, असं नसरीन म्हणाली. तिने वाचायला घेतलं.

ऐकताना मी डोळे मिटले. त्यात लिहिलं होतं, थोडी हवा आली, तेवढ्यात भागवणारे थोडे जीव आले. त्या जिवांनी पाणी गाळलं, तळ ढवळला, हवा आणखी खाली नेली. खाली गेलेल्या हवेने आणखी मोठे जीव आले. आधी कोण, हे विचारलं तर उत्तर अजून सापडलेलं नाही, आणि सापडेलच असं नाही. मग मध्येच कधी समुद्र पुन्हा बिघडायचा, हवा जायची, जीव मरायचे, पुन्हा पहिल्यापासून. हे कितीदा झालं, कुठे झालं, कुठे नाही झालं. इथे माझा धागा सुटला. जर ते पुन्हा पुन्हा बिघडत होतं, तर आपण आलो कसे? आणि हवा विष होती त्या जिवांचं काय? ते खूष झाले असतील का, समुद्र बिघडला तेव्हा? माझ्या डोक्यात सगळं एकदम ढवळलं.

नसरीन थांबली. सरांनी माझ्याकडे मान वळवली. माझ्याकडे म्हणजे माझ्या शेजारच्या भिंतीकडे.

"समजनं का नाना?"

मी नसरीनकडे बघितलं नाही. भाभी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडेही नाही. मी म्हणालो, "समजनं."

"खरंच?"

"खरंच समजनं, सर."

आता ते म्हणणार, तुमना शब्दमा सांगा. मी मनातल्या मनात जुळवायला लागलो, थोडी हवा, थोडे जीव, मग… पुढचं येईना. सरांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "नसरीन, रिक्षा बुला."

का विचारलं नाही त्यांनी? त्यांना माझं खरं वाटलं म्हणून, की खोटं कळलं म्हणून? इतकी वर्षं एकदाही विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं. मी भाभींना नंतर विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही.

आम्ही त्यांना धरून जिना उतरवला. सलीमभाईंनी भाता थांबवला. सर रिक्षात बसले, पानांचा गठ्ठा मांडीवर, त्यावर दोन्ही हात. नसरीन शेजारी. रिक्षा सुरू झाली तेव्हा सरांनी एक हात उचलला आणि निरोपाचा हलवायला लागले. मी दुकानाच्या पायरीवर होतो. सर समोरच्या पिठाच्या गिरणीकडे तोंड करून हात हलवत होते, हसत. तिथे एक बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन उभी होती, ती गोंधळून इकडे तिकडे बघायला लागली.

मी कोणासाठी जागेवरून हलणारा माणूस नाही. रस्ता ओलांडून गेलो आणि गिरणीसमोर, सरांच्या हाताच्या बरोबर पुढे जाऊन उभा राहिलो. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मीही हात हलवत होतो.